लक्ष्मणराव किर्लोस्कर : लोखंडी नांगर शेतकऱ्यापर्यंत कसा पोहोचला

एप्रिल सरत आला की अंबड तालुक्यात पऱ्हाट्या उपटून बांधावर पडतात आणि नांगरटीला सुरुवात होते. ट्रॅक्टरच्या मागे पलटी नांगर आणि नांगराच्या मागे बगळे. काळ्या मातीची ढेकळे उलटी पडतात, त्यांत दडलेले कोष, अळ्या, हुमणी पाखरे वेचून खातात. गोदाकाठी शहागडच्या बाजूला भारी जमिनी आहेत. भेगाळलेले असे रान फोडणे बैलांच्या जमान्यात सोपे नव्हते. एका नांगराला दोन-तीन बैलजोड्या, हाकायला दोघे-तिघे, आणि तरी दिवसभरात थोडेसेच रान उरकायचे.

मातीचा थर कापून तो उलटा टाकणारा लोखंडी नांगर इथेच बनवून इथल्या शेतकऱ्याला विकायचे काम ज्यांनी अंगावर घेतले, त्या लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची ही माहिती. आडनाव सर्वांना ठाऊक आहे, कारण ते विहिरीवरच्या पंपावर आणि इंजिनावर लिहिलेले असते. त्यामागचा माणूस मात्र कमी ठाऊक आहे. कृषी सहायकांनी आणि कृषी विज्ञान केंद्रात काम करणाऱ्यांनी तर तो जरूर ओळखावा. नवीन वाण किंवा नवीन अवजार घेऊन गावात गेल्यावर जो अनुभव आज येतो, तो लक्ष्मणरावांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घेतला होता.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींचा नाद होता, चित्रे काढण्याचा आणि यंत्रे उघडून बघण्याचा. नेहमीच्या शिक्षणात त्यांचे मन रमले नाही. चित्रकला शिकायची म्हणून ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे एक अडचण निघाली. त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखू येत नव्हता. डोळ्यांचा हा दोष जन्मजात असतो आणि त्यावर औषध नाही. रंगचित्रकार होण्याचा विचार तिथेच संपला.

चित्रकलेतली एक शाखा मात्र रंगावर चालत नाही, ती मापावर चालते. यंत्राच्या प्रत्येक भागाचे समोरून, बाजूने आणि वरून असे नेमके रेखाचित्र काढायचे, म्हणजे ज्याने ते यंत्र कधी पाहिलेले नाही तो कारागीरही ते बनवू शकतो. लक्ष्मणराव यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथे कार्यशाळा होती, यंत्रे होती, परदेशी पुस्तके वाचायला मिळत होती. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. जे शिकले ते हात काळे करून आणि वाचून शिकले.

मुंबईतच त्यांना सायकल या नव्या वाहनाने ओढून घेतले. बेळगावला राहणारे त्यांचे भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांच्याबरोबर त्यांनी सायकली विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा सुरू केला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपले वय १८८८ पासून मोजतो, ते या सायकलीच्या धंद्यापासून. नोकरीत हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

कडबाकुट्टी आधी, नांगर नंतर

बेळगावच्या छोट्या कारखान्यात शेतीसाठी बनवलेली सुरुवातीची वस्तू म्हणजे कडबा कापायचे यंत्र. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्वारीचा अख्खा कडबा जनावरापुढे टाकला की ते पाला खाते आणि जाड धांडे तुडवून टाकते. तोच कडबा बारीक कापून दिला तर नासाडी कमी होते आणि तेवढ्याच वैरणीवर जनावरे जास्त दिवस निघतात. यंत्र घेतलेल्याला त्याचा फायदा आठवड्याभरात गोठ्यात दिसतो. जमिनीला हात लागत नाही, पीक पणाला लागत नाही.

नांगराचे तसे नव्हते.

आपला जुना लाकडी नांगर माती चिरतो, उलटत नाही. त्याचा फाळ जमिनीत इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर पाडतो. दोन तासांच्या मध्ये न नांगरलेली पट्टी शिल्लक राहते, म्हणून तेच रान आडवे-उभे पुन्हा नांगरावे लागते. हरळी आणि कुंद्याच्या काशा खालच्या खाली तुटतात आणि पावसाळ्यात पुन्हा फुटतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळ आडवा काप घेतो, पंख तो थर उचलून कुशीवर उलटा टाकतो. वरचा धसकटांचा थर खाली गाडला जातो, खालची माती काशांसकट उन्हाला येते. असे नांगर परदेशातून इथे येत होते, पण ते महाग पडत आणि मोडला तर सुटा भाग मिळेपर्यंत हंगाम निघून जाई. लक्ष्मणरावांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत बेळगावात लोखंडी नांगर तयार केला.

नांगर तयार झाला आणि पडून राहिला. लोखंडाने जमिनीला विष चढते, काळी आई नापीक होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. हाताशी भांडवल बेताचे, तयार माल दारात पडलेला आणि घेणारा कोणी नाही, अशा स्थितीत दोन वर्षे काढणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याने भाव पाडल्यावर घरात सोयाबीन ठेवून बसलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ही हकिकत सांगताना बरेच जण शेतकऱ्याच्या अडाणीपणावर हसतात. मला ते पटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई आणि दुरुस्तही करी. त्याला रोख पैसा लागत नव्हता, खळ्यावर धान्य दिले की झाले. लोखंडी नांगराला आधी रोख रक्कम लागणार, आणि फाळ झिजला तर तो गावात मिळणार नाही. शिवाय भीतीत थोडे तथ्यही होते. हलक्या किंवा मध्यम जमिनीत खाली एक वीतभर अंतरावर मुरूम असतो. तिथे खोल नांगर घातला तर निकस माती वर येते आणि त्या वर्षीचे पीक खरोखरच मार खाते. दोष लोखंडाचा नसतो, खोलीचा असतो. पण नुकसान झालेल्या शेतकऱ्याला हातात दिसते ते लोखंडच. एका वर्षाचे पीक गेले तर सावकाराच्या दारात जाणाऱ्या माणसाने नव्या वस्तूकडे संशयाने पाहिले, तर तो त्याचा हिशेबीपणा म्हणायला हवा.

विषाबद्दल मात्र मातीचे शास्त्र उलट बोलते. आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकात लोह भरपूर आहे. अडचण अशी की चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना मिळत नाही. अंबड परिसरातल्या मोसंबीच्या बागांत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा कारण बहुधा लोहाची कमतरता हे असते आणि आपण हिराकस किंवा चिलेटेड लोह फवारतो. ज्या लोखंडाला आपले पणजोबा भीत होते, ते आज आपण पैसे मोजून झाडाला देतो. माती-परीक्षणाने जे दिसू लागले ते त्या काळी लक्ष्मणरावांनाही दाखवता येत नव्हते. त्यांच्याजवळ दाखवायला फक्त नांगरलेले रान होते.

आणि तेच उपयोगी पडले. पहिले नांगर चालले, त्या रानांत पिके उभी राहिली, जमिनी नापीक झाल्या नाहीत. नांगराची रचनाही मदतीला आली. झिजणारा भाग म्हणजे फाळ. तो वेगळा बसवलेला असल्यामुळे तेवढाच बदलता येई, अख्खा नांगर टाकावा लागत नसे. माल देशात बनत असल्याने सुटा भागही देशातच मिळू लागला. बलुत्याच्या सुताराची जागा घ्यायची तर दुरुस्तीची सोय हवीच होती. आजही एखादे पेरणी यंत्र किंवा ठिबकचा संच गावात टिकतो की भंगारात जातो, ते बहुतेक वेळा त्याचा पाच-पन्नास रुपयांचा भाग तालुक्याला मिळतो की नाही यावर ठरते.

कुंडल रोडचा माळ

नांगराचा जम बसत असताना बेळगावची जागा गेली. नगरपालिकेने त्या भागात नवी वस्ती करायचे ठरवले आणि कारखान्याला जागा सोडावी लागली. यंत्रे, साचे, कारागीर घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता. त्या वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपये कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी तिथे कामाला सुरुवात झाली. ते ठिकाण म्हणजेच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांचा, पाण्याचे हाल असलेला माळ होता. पण शेजारून रेल्वे जात होती. कारखान्याला लागणारे लोखंड आणि कोळसा यायला आणि तयार नांगर जायला तीच वाट होती. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे तिथे राहायला आली. आधी माळ साफ केला, मग छपरे उभी राहिली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक यंत्रकार म्हणून पुढे आले. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवले आणि त्यांनी तो पहारा इमानाने केला. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. १९१० च्या आसपास असा नियम करणे आणि तो चालवणे, दोन्ही सोपे नव्हते.

पदवी नसलेल्या माणसाने शाळा सोडलेल्या माणसाला हेरले, यात मला नवल वाटत नाही. तंत्र येते की नाही हे त्यांनी प्रमाणपत्रावरून पाहिले नाही. गावोगावचे इंजिन-मेकॅनिक आणि मोटार वाइंडिंग करणारे आजही असेच तयार होतात.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आवक आटली. मागणी किर्लोस्करवाडीकडे वळली, पण लोखंड मिळेना. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या निकामी तोफा वितळवून नांगराचे फाळ करायला दिल्या, ही हकिकत त्या भागात आजही सांगतात. युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी झाली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे बनू लागली.

त्याच वर्षी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. सुरुवातीला ते कारखान्याची आणि मालाची माहिती देणारे होते. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले आणि १९३० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ मासिक निघाले. घराघरांत वाचली जाणारी ही मासिके नांगराच्या कारखान्यातून निघाली, हे अनेकांना माहीत नसते. वस्तूबरोबर ती वस्तू समजावून सांगणारा मजकूरही गेला पाहिजे, हे शिक्षकाची नोकरी केलेल्या माणसाला चांगले कळत असणार.

मोटेपासून पंपापर्यंत

अंबड गावात जुन्या बारवा आहेत. पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत माणसाने जायचे आणि घागर भरून वर यायचे, ही पाणी काढायची एक रीत. शेताला तेवढ्याने भागत नाही, म्हणून मोट. बैलजोडी धावेवरून उतरते, नाडा ताणला जातो, कातडी मोट वर येते, सोंदूर ओढला की सोंड मोकळी होऊन पाणी थारोळ्यात पडते, बैल पुन्हा मागे येतात. पहाटेपासून हे चालले तरी भिजते ते थोडेसेच रान. मोटेखालचा मळा म्हणजे भाजीपाला, थोडा गहू, ऊस असेल तर काही गुंठे. विहिरीला पाणी असूनही शेत कोरडे राहायचे, कारण पाणी वर आणायची ताकद बैलाच्या खांद्याइतकीच होती.

१९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. त्याच सुमारास लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिकून परत आले. वडील पुस्तकातून शिकलेले, मुलगा तिथे जाऊन शिकलेला, अशी दोन पिढ्यांची जोडी कारखान्याला मिळाली.

हा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण ते तितकेसे खरे नाही. आतला पंखा जोरात फिरून पाणी बाहेर फेकतो, मध्ये पोकळी होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतले पाणी पाइपातून वर ढकलतो. हवेचा हा दाब पाण्याला जास्तीत जास्त सुमारे १० मीटर उचलू शकतो. पाइपातले घर्षण आणि फटी धरल्या तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरच. म्हणूनच खोल विहिरीत अर्ध्यावर कट्टा किंवा फळ्या टाकून पंप खाली बसवत. पाणी खाली गेले की पंपही खाली उतरवावा लागे. फुटव्हॉल्व्ह गळका असला की पंप पाणी सोडतो आणि मग वरून पाणी भरत बसावे लागते, हे ज्याने केले आहे त्याला हवेचा दाब पुस्तकातून शिकावा लागत नाही. आजचा सबमर्सिबल पंप पाण्यात बुडालेलाच असतो, तो ओढत नाही, ढकलतो. त्यामुळे ही मर्यादा त्याला राहिली नाही.

मर्यादा सुटली याचा अर्थ मराठवाड्याने चांगला अनुभवला आहे. लक्ष्मणरावांच्या हयातीत अंबड हैदराबाद संस्थानात होते, विजेचा पंप इथे सर्रास आला तो फार नंतर. पंप आला म्हणून मोसंबी आली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली ऊस वाढला, कालवा जिथे पोहोचला नाही तिथे विहिरी आणि मग बोअर खोल होत गेले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. कोणी टँकरने झाडे जगवली, कोणी शेवटी बाग तोडली. यंत्राने पाण्यापर्यंतचा हात लांब केला होता. जमिनीत किती पाणी शिल्लक आहे, हे दाखवणारे साधन मात्र बहुतेक शेतकऱ्यांकडे नव्हते.

ते साधन अवघड नाही. दिवाळीनंतर आणि मार्चअखेर विहिरीतली पाण्याची पातळी दोरी सोडून मोजायची आणि भिंतीवर तारखेसह लिहून ठेवायची. तीन-चार वर्षांचे आकडे जमले की यंदा बाग किती धरायची, बहर घ्यायचा की सोडायचा, याचा अंदाज पावसाच्या गप्पांपेक्षा बरा येतो. लक्ष्मणरावांचे रेखाचित्र जसे रंगावर नव्हे तर मापावर उभे होते, तसेच हे.

शेवटची वर्षे

पुढच्या काळात कारभार शंतनुरावांकडे आणि इतरांकडे गेला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पंपाला डिझेल इंजिनाची जोड मिळाली. वीज नसलेल्या गावांत मोट थांबली ती या इंजिनामुळे. १९४८ च्या जाळपोळीची झळ किर्लोस्करवाडीलाही लागली, कारखान्याचे मोठे नुकसान झाले. तो पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

या उन्हाळ्यात नांगरट करताना एवढे पाहावे. गुलाबी बोंडअळीचा त्रास झालेल्या कपाशीच्या भारी रानात पऱ्हाट्या काढून खोल नांगरट करावी आणि रान तापू द्यावे. खाली मुरूम लवकर लागत असेल तर खोली बेताची ठेवावी. त्यासाठी आधी दोन-तीन ठिकाणी हातभर खड्डा घेऊन थर पाहावा. उतार असेल तर नांगर उताराला आडवा चालवावा. दरवर्षी फक्त रोटाव्हेटरच फिरवत असाल तर खाली घट्ट थर तयार झाला आहे का, हे त्याच खड्ड्यात दिसेल. भारी जमिनीलाही दरवर्षी खोल नांगरट लागतेच असे नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते.

नांगर सुरू करण्यापूर्वी फाळ तपासावा. ट्रॅक्टरच्या नांगरालाही तो वेगळा, बोल्टने बसवलेला असतो. बोथट फाळाने डिझेल जास्त लागते आणि खोली मिळत नाही. झिजला असेल तर तेवढाच बदलून घ्यावा.